देवाच्या गोळ्या

सुमन,

तुझ्या दहाव्याला नदीवरून परत येताना बायका काय बोलत होत्या, ते ऐकायला तू हवी होतीस. एक म्हणाली, "अहेवपणी गेली, सोनं झालं." दुसरी म्हणाली, "देवीचीच बाय ती. इतकी वरसं कवा बाजूला बसल्याली बगितली का कुनी? देवीनंच न्हेली." मागून चालताना मला अशी शिसारी आली की मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मोठ्या जावेला रडू आवरेना. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात झटकावासा वाटला, पण झटकला नाही, कारण तुला देवीची बाई करणारी मीच होते.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, भांडी मांडवातून परत आली. तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तू गेलीस तेव्हा आपला नऊ दिवस अबोला होता. एका घरात, एका चुलीपाशी, नऊ दिवस. चहाचा कप ठेवताना सुद्धा तू माझ्याकडे बघायची नाहीस.

कुठून सुरुवात झाली ते मला नीट आठवतं. आपल्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या त्या इंजिनीयर पोरीला तू होळीला पुरणपोळी दिलीस. पुढं तिनं भूगावात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला नैवेद्याचा स्वयंपाक तुझ्याकडून करून घेतला. मग तिच्या शेजारणीनं, मग तिच्या मैत्रिणीनं. नांद्यापासून बावधनपर्यंत दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती, आणि प्रत्येक इमारतीतल्या प्रत्येक घराला वास्तुशांत हवी होती. तुझा हात चांगला होता. सव्वा किलोचा शिरा कधी चिकट झाला नाही, पुरण कधी सैल पडलं नाही.

आणि मग ते फोन यायला लागले. "ताई, एक विचारू? रागवू नका हं. बारा तारखेला तुमची डेट वगैरे नाही ना? माझं काही नसतं हो, पण गुरुजी फार पर्टिक्युलर आहेत." शिकलेल्या बायका, मोठ्या पगाराच्या. ऑफिसात मशीनच्या डब्यातून नॅपकिन काढणाऱ्या. पण तुझी तारीख त्यांना हवी असायची. पहिल्यांदा तू खरं सांगितलंस, "बाराला हाय वो," आणि ऑर्डर गेली. दुसऱ्यांदाही खरं सांगितलंस. तिसऱ्या वेळी तू माझ्या दुकानात आलीस. मी तेव्हा नुकतीच मेडिकलच्या काउंटरवर लागले होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत तू बिस्किटांच्या पुड्याआड उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "आक्का, तुमच्या दुकानात हाय का वो कायतरी? चार दिस फुडं ढकलायचं."

होतं की. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आम्ही चिठ्ठीशिवाय चण्याफुटाण्यासारख्या विकत होतो. गणपतीच्या आठवड्यात तर शेठ त्यांचा खोका काउंटरवरच ठेवायला सांगायचे. मी तुला दिल्या. त्यांनी तुला मळमळायचं, आणि दिवसातून तीनदा खायच्या म्हणून तू विसरायचीस. तेव्हा अक्कल चालवली मी. म्हटलं, "ती सोड. ही घे, पाळणा लांबवायची. दिवसाला एकच. एकवीस पांढऱ्या संपल्या की सात तपकिरी असतात, त्या नको घेऊ. लगेच दुसरं पाकीट सुरू कर. कधी यायचीच नाही." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काउंटरवर उभं राहून राहून आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, तसलं ते शहाणपण होतं.

तू त्यांना देवाच्या गोळ्या म्हणायचीस. पाकीट ठेवायचीस देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली, आत्याबाईंना दिसू नये म्हणून. शेवटी सासूच ती. सात तपकिरी लोखंडाच्या गोळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसायचीस. "झाडाला तरी रगत भरू दे," म्हणायचीस. आपण दोघी किती हसायचो त्यावर.

आठ वर्षं, सुमन. मधे कधीतरी एखाद-दुसरा महिना सोडला असशील. बाकी श्रावण झाला की भाद्रपद, मग नवरात्र, मग मार्गशीर्षाचे गुरुवार, मग लगीनसराई. कॅलेंडरात तुझ्यासाठी रिकामी जागाच नव्हती. आणि गावात हळूहळू बोलणं सुरू झालं की हिला अडचण येतच नाही. आधी म्हणाल्या, लवकर बंद झाली असेल. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की देवीची कृपा आहे. नवरात्रात घट बसवायला तुला बोलवायला लागल्या. नव्या सुना तुझ्या पाया पडायला लागल्या. मी तुला चिडवायचे, "देवी, चहा टाका." तू म्हणायचीस, "साकर संपलीया, भक्ता, पळ दुकानात." आज ते आठवलं की हसू येतं आणि त्याच्या पाठोपाठ ओकारी येते. एवढी मोठी लबाडी आपण दोघींनी मजेत पोसली.

आणि माझाही त्यात फायदा होता, तो आधी सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे चार दिवस मागच्या खोलीत जायचे, आणि घरातलं सगळं अडायचं, त्यावरून आत्याबाई तोंड सोडायच्या. तू कायमची सोवळ्यातली झालीस आणि माझी सुटका झाली. माझे चार दिवस तू निभावायचीस. मी मागच्या खोलीत पडून मोबाईल बघायचे. तुला म्हटलं होतं मी तीन-चारदा, "महिनाभर थांब, शरीर आहे ते." तू म्हणायचीस, "एवढा सीझन जाऊ द्या." मी गप्प बसायचे. तू थांबली असतीस तर मलाच उठावं लागलं असतं. ही गोष्ट मी आजवर स्वतःशी पण बोलले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या उजव्या कुशीत जड वाटायला लागलं. मी ॲसिडिटीचं औषध आणून दिलं. दोन बाटल्या संपल्या तरी जाईना, तेव्हा बावधनला सोनोग्राफी केली. आत तू, मी आणि आत्याबाई. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, नीट बोलत होत्या. म्हणाल्या, "लिव्हरवर गाठ दिसतेय. कॅन्सर वाटत नाही, साधी गाठ वाटते. पण मोठी आहे, मोसंबीएवढी. मोठ्या गाठीत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हलक्यात घेऊ नका. लवकर एमआरआय करू, मग काय ते ठरवू." आणि मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?"

तू हसलीस. "माजं ऑपरेशन झालंय की मॅडम, दुसऱ्या पोराच्या टायमाला."

त्यांनी 'नाही' लिहिलं. मी ते अक्षर उमटताना बघितलं. आत्याबाई माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या. माझी जीभ टाळूला चिकटली. आत्याबाईंसमोर कसं बोलू? आणि गोळ्या कुणी दिल्या, हे विचारलं तर? डॉक्टरीणबाईंनी पुढचं पान उलटलं.

बाहेर आल्यावर आत्याबाई पेढे घ्यायला दुकानात शिरल्या. कॅन्सर नाही म्हणून पेढे. आपण दोघी रिक्षात. मी म्हटलं, "सुमे, सांगायला हवं होतंस तू." तुझ्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. म्हणालीस, "त्यांनी गर्भाच्या गोळ्या विचारल्या, आक्का. ह्या कुटं गर्भाच्या हायेत? ह्या देवाच्या." तू खोटं बोलली नव्हतीस. तुझ्या डोक्यात ते दोन वेगळे खण होते, एक नवऱ्याचा आणि एक देव्हाऱ्याचा. डॉक्टरीणबाईंनी पहिला उघडून बघितला, तो रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी त्या पाकिटातला घडीचा कागद उघडला. आठ वर्षं ती पाकिटं विकली मी, कागद कधी उघडला नव्हता. मुंगीएवढी अक्षरं. त्यात लिव्हरच्या गाठीचं लिहिलेलं होतं. फार जणींना होतं असं नव्हे, क्वचित होतं, पण लिहिलेलं होतं. संध्याकाळी मी तुला म्हटलं, "बंद कर. आजपासून एक पाकीट देणार नाही. आणि उद्या जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगू." तू परातीतलं पीठ मळत होतीस. म्हणालीस, "श्रावन तोंडावर आलाय. सोळा पूजा घेतल्यात मी. आता मागं सरू? लोक काय म्हनतील? श्रावन हू द्या, मंग सगळं करते, त्यो एमारआय बी करते."

"तुझ्या श्रावणाला आग लागो," मी म्हणाले.

"तुमी न्हाई दिल्या तर बावधनात शंभर दुकानं हायेत," तू म्हणालीस. "आनि आक्का, तुमीच शिकवलंत मला. आता तुमीच भ्या दाखवताय व्हय?"

त्या संध्याकाळपासून आपला अबोला. तुझं खरं होतं, म्हणूनच मी रागावले. डॉक्टरीणबाईंचा नंबर सोनोग्राफीच्या कागदावर होता. एक फोन करायचा होता मला, तुझ्या परवानगीची काही गरज नव्हती. नऊ दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता.

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला, भूगावच्या ज्या बंगल्यात तू नैवेद्याला गेली होतीस तिथून फोन आला. मॅडम बोलत होत्या, आवाज दबका. "तुमच्या सुमनताईंच्या पोटात फार दुखतंय. त्या म्हणतात, तसलं काही नाही. पण अहो, खरं सांगा, ते तर नाही ना? नैवेद्य अजून दाखवायचाय."

सुमन, मी आयुष्यात खूप घाण बघितली. लहानपणी गोठा काढलाय, म्हाताऱ्या माणसांचं सगळं केलंय. पण त्या वाक्याची जी किळस मला आली ती अजून गेलेली नाही. मी पोचले तेव्हा तू स्वयंपाकघरात नव्हतीस. तुला पार्किंगच्या पायरीवर बसवलं होतं, चपलांच्या शेजारी. शंका नको म्हणून. आत मिक्सर चालू होता, दुसरी कुणीतरी तुझं पुरण वाटत होती. तू घामानं भिजली होतीस, ओठ पांढरे, आणि उजवा खांदा धरला होतास. मला बघून म्हणालीस, "आक्का, खांदा का दुकतोय वो?" नऊ दिवसांनी बोललीस ते हे.

एक सांगायला हवं. ते फार पर्टिक्युलर असलेले गुरुजी पूजा अर्धवट सोडून सोवळ्यानिशी बाहेर धावत आले. त्यांनी तुझ्या दंडाला धरून उठवलं, "रिक्षा कशाला, माझी गाडी आहे," म्हणाले, आणि वाटेत एकदाच बोलले, "मी कधीच कुणाला असलं काही विचारत नाही हो." मग आठ वर्षं कुणासाठी खात होतीस तू?

पुढचं तुला माहीत नाही. तुझं पोट रक्तानं भरलं होतं. गाठ फुटली होती. सर्जन आत जाण्याआधी मला म्हणाले, "काही हार्मोनच्या गोळ्या घेत होत्या का?" तेव्हा सांगितलं मी सगळं. एकवीस पांढऱ्या, सात कुंडीत, आठ वर्षं. तिथं ना आत्याबाई होत्या, ना लाज. ऐकून ते आत गेले.

तीन वाजता ते बाहेर आले. नंतर, भाऊजी कागदांवर सह्या करत असताना, मी त्यांना विचारलं, "गोळ्यांनीच झालं का?" ते म्हणाले, "खात्रीनं नाही सांगता येणार. असंख्य बायका या गोळ्या घेतात, त्यांना काही होत नाही. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये अशा गाठी जास्त दिसतात. बंद केल्यावर बऱ्याचदा त्या लहान होतात." मग म्हणाले, "कळलं असतं तर पहिल्या दिवशीच बंद केल्या असत्या आम्ही." ते चांगले होते. मला दोष देत नव्हते. मला वाटलं, त्यांनी द्यायला हवा होता.

बंगल्यातल्या मॅडमचा चौथ्या दिवशी मेसेज आला. हात जोडलेली चित्रं, खूप गोड स्वभाव होता, फार वाईट वाटलं. खाली लिहिलं होतं, "तुमच्याकडे दुसरं कुणी करतं का? गौरींसाठी हवं होतं." मी मोबाईल पालथा घातला आणि न्हाणीघरात जाऊन खरंच ओकले.

पण खरी गोष्ट अकराव्या दिवशी घडली, आणि तेवढ्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

दुपारी माजघरात चार-पाच जणी गहू निवडत होत्या. तुझी प्राजू तिथंच भिंतीला टेकून होती. तू गेल्यापासून ती बोलत नव्हती, सोळा वर्षांची पोर म्हातारीसारखी बसून असायची. आत्याबाई मला म्हणाल्या, "तेराव्याला सुमीचं पान प्राजीनंच वाढाया पायजे. लेक हाय. पन तिची तारीक तवाच येतीया. तुज्या दुकानातली ती गोळी आन. सुमी खायची ती."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "कुठली गोळी?"

"ए बाय, मी काय आंदळी हाय का?" आत्याबाई म्हणाल्या. "देवघरातला खन मीच पुसते. मला समदं म्हाईत हुतं. म्हनलं, चाललंय ते बरं चाललंय."

म्हणजे त्या दिवशी बावधनला, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा, त्या खोलीत आपण तिघी होतो आणि तिघींना ठाऊक होतं. मी त्यांच्या भीतीनं गप्प, आणि त्या गप्प कारण चाललंय ते बरं चाललंय. मोसंबीएवढी गाठ तिथं पडद्यावर दिसत होती. आणि आता त्याच तोंडानं तीच गोळी तुझ्या पोरीसाठी मागत होत्या, तुझंच पान वाढायला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्यांची घृणा आली, पण त्याहून जास्त माझी आली. त्यांना कागद वाचता येत नव्हता. मला येत होता.

मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, एका दमात, कारण थांबले असते तर पुन्हा जीभ चिकटली असती. "सुमनवर देवीची कृपा नव्हती. पाळी येऊ नये म्हणून ती आठ वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या खात होती. मी दिल्या. कशा खायच्या ते मी शिकवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तिच्या लिव्हरवर गाठ होती, ती फुटून ती गेली."

आत्याबाई म्हणाल्या, "गोळीनं कुटं मानूस मरतंय? अर्दं गाव खातंय."

"खातंय," मी म्हटलं, "आणि बहुतेकींना काही होत नाही. डॉक्टरांना विचारून, तपासून ज्यांनी घ्यायची त्यांनी जरूर घ्यावी. मूल नको म्हणून घ्यावी, दुखणं असेल म्हणून घ्यावी. पण कुणाच्या घरी शिरा ढवळायला मिळावा म्हणून घ्यायची नाही. सोळा वर्षांच्या पोरीला आईचं पान वाढायला तर मुळीच नाही. या घरात ती गोळी मी आणणार नाही, आणि दुसऱ्या कुणी आणली तर ते पाकीट मी चुलीत घालीन."

प्राजू माझ्याकडे बघत होती. तुझेच डोळे आहेत तिचे. ती उठली आणि आत गेली. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, मला काहीतरी फेकून मारेल. तसलं काही झालं नाही.

काल सकाळी ती न्हाऊन आली, ओटीवर सगळे पाहुणे बसलेले असताना मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला आलीये. आणि मम्मीचं पान मीच वाढणार. ज्यांना चालत नसंल त्यांनी जेवू नका." सुमन, तुझ्या पोरीचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. चुलतसासूबाई पदर सावरत उठल्या, त्यांच्या मागं दोन सुना. भाऊजी खाली मान घालून बसले होते, ते म्हणाले, "वाढ, बाळा." आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. नंतर त्या जेवल्या का, ते मी बघितलं नाही.

प्राजूनं तुझं पान वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, तुला आवडायची ती गवारीची भाजी. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, सगळं जागच्या जागी. मग पंगत बसली आणि तिनं आम्हा बायकांना वाढायला घेतलं. हातात परात, चालणं तुझं. आत्याबाईंच्या ताटात वाढलं. पलीकडच्या मावशीला वाढलं. माझ्यासमोर आली, माझ्या ताटाकडे बघितलं, आणि पुढे गेली.

एकदा नाही. पोळी घेऊन आली तेव्हाही, भात घेऊन आली तेव्हाही, पाणी घेऊन आली तेव्हाही. शेजारच्या मावशी कुजबुजल्या, "अगं प्राजू, मोठ्या मम्मीला राहिलं की." प्राजू म्हणाली, "माहितीये मला."

मी कोरडं ताट पुढ्यात घेऊन पंगत उठेपर्यंत बसून राहिले. भूक लागली होती, सुमन. मागून घ्यावंसं वाटलं नाही.